दुखत नसलेल्या दाताच्या मुळात काळा डाग दिसला, आता लगेच रूट कॅनल की आधी स्कॅन?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताईंचं वय ३६. समोरचे दात थोडे पुढेमागे आहेत म्हणून अलायनर, म्हणजे दात सरळ करायचे पारदर्शक ट्रे, लावायचं ठरलं आणि त्याआधी सगळ्या जबड्याचा एक मोठा एक्स-रे काढतात ना, ओपीजी, तो काढला. त्यात वरच्या समोरच्या एका दाताच्या मुळात मधोमध काळसर गोल डाग दिसला. दात दुखत नाही, गार-गरम लागत नाही, कधीच काही त्रास नाही. शाळेत असताना पडून त्याच दाताला मार लागलेला, काही दिवस हलत होता मग आपोआप घट्ट झाला, तेव्हा कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. आता पहिल्या डॉक्टरांनी छोटा एक्स-रे काढला आणि म्हणाले हे इंटर्नल रिसॉर्प्शन, दात आतून खाल्ला जातोय, याच आठवड्यात रूट कॅनल करून टाकू. दुसऱ्या डॉक्टर रूट कॅनलच्याच स्पेशालिस्ट आहेत, त्या म्हणाल्या आधी वेगळ्या अँगलने अजून एक एक्स-रे, मग गरज वाटली तर तेवढ्या भागाचा सीबीसीटी स्कॅन (सगळ्या बाजूंनी थ्रीडी चित्र देणारा एक्स-रे), त्याशिवाय मी दाताला ड्रिल लावणार नाही. घरात नवरोबा म्हणतात दुखत नाही तर उकरायचं कशाला, दीर म्हणतात स्कॅन वगैरे सगळे बिल वाढवायचे धंदे, सासूबाईंचं मत दात काढून टाक आणि मोकळी हो. ताईंचे प्रश्न: एका डॉक्टरला एका एक्स-रेत कळलं ते दुसऱ्यांना का कळू नये? स्कॅनचं रेडिएशन किती? आणि सहा महिने थांबून परत एक्स-रे काढला तर चालणार नाही का?

ताई, पत्र नीट वाचलं, सोबतचा फोटोही बघितला. तो म्हणजे डॉक्टरांच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो, त्यावर ट्यूबलाइटची चमक आणि मुळाचं टोक फ्रेमच्या बाहेर, त्यामुळे त्यावरून 'हो हेच आहे' किंवा 'हे नाहीच' असं मी म्हणणार नाही आणि दुसरं कुणी म्हणालं तर तुम्हीही मनावर घेऊ नका. पण तुमचा गोंधळ कशावरून झालाय ते मला कळलंय, मी स्वतः दातांची डॉक्टर आहे आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कायम समोर येतो.

तुम्ही धरून चाललाय की दोघांपैकी एक डॉक्टर चुकतोय. मला तसं वाटत नाही. पहिल्यांनी काय दिसतंय ते सांगितलं, दुसऱ्या म्हणतायत की जे दिसतंय ते नक्की कुठे आहे ते आधी बघू. आणि तुमच्या केसमध्ये हे 'कुठे' जे आहे ना त्यावरच पुढची सगळी ट्रीटमेंट फिरते, म्हणून माझं मत दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने पडतं. पहिले डॉक्टर घाई करतायत त्यालाही कारण आहे, त्यावर येते पुढे.

आधी हे होतं काय ते. दाताच्या मधोमध नस असते, म्हणजे रक्तवाहिन्या, नर्व्ह वगैरे असलेला मऊ भाग, आणि तिच्याभोवती दाताचं कडक डेंटिन. दोघांच्या मधे एक पातळ संरक्षक थर असतो, तो शाबूत आहे तोवर कुणी डेंटिनला हात लावत नाही. मार लागला, खोल कीड झाली, नसेला बरेच दिवस सूज राहिली की कधीकधी तो थर एखाद्या जागी खराब होतो आणि मग हाड खाणाऱ्या पेशी असतात त्यांच्याच जातीच्या पेशी आतून डेंटिन कुरतडायला लागतात. कुरतडणारे जंतू नसतात, आपल्याच पेशी असतात, हे पेशंटना पटायला जरा वेळ लागतो. कारण दरवेळी सापडतंच असंही नाही, तुमच्याकडे निदान तो शाळेतला मार तरी आहे.

प्रकार दुर्मीळ आहे पण नवीन अजिबात नाही, थॉमस बेल यांनी १८३० मध्ये याची नोंद केलीये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ६५ वर्षं आधी! नंतर १९२० मध्ये जेम्स हॉवर्ड ममेरी यांनी गुलाबी डाग दिसणाऱ्या दातांचं वर्णन केलं, पुस्तकांत अजून 'ममेरीचा गुलाबी दात' असं येतं. आतली पोकळी वाढत दाताच्या दिसणाऱ्या भागापर्यंत आली की दाताच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे एनॅमलमधून, आतला रक्ताळलेला भाग गुलाबी दिसतो. तुम्हीसुद्धा चांगल्या उजेडात आरशासमोर ओठ वर करून हिरडीच्या कडेला बघा, शेजारच्या दातापेक्षा गुलाबी छटा वाटली तर डॉक्टरांना सांगा. पण पूर्वी गुलाबी म्हणजे आतलंच असं जे समजायचे ते खरं नाही, बाहेरून सुरू होणाऱ्या प्रकारातही अगदी तस्साच डाग दिसतो.

हो, बाहेरून सुरू होणारा प्रकार पण असतो, एक्स्टर्नल. त्यात पोटप्रकार बरेच आहेत, सगळे सांगत बसत नाही. तुमच्या कामाचा तो एक्स्टर्नल सर्व्हायकल रिसॉर्प्शन. हा हिरडीच्या लगेच खाली दाताच्या मानेशी एखाद्या बारीक छिद्रातून आत शिरतो आणि डेंटिनमध्ये पसरत जातो. यालाही मार लागलेला इतिहास जुळतो, आणि बहुतेक वेळा दुखत हाही नाही. म्हणजे पत्रात तुम्ही जे जे सांगितलंय ते सगळं दोन्हींना फिट बसतं. नुसत्या हकिगतीवरून ठरवता येत नाही ते यामुळे.

आता एक्स-रे. आपण त्याला फोटो म्हणतो खरं पण ती सावली असते, आणि सावली सपाट असते. दाताच्या ओठाकडच्या बाजूला खड्डा असला, टाळूकडच्या बाजूला असला किंवा बरोबर मधे नसेत असला तरी तिन्हींची सावली एका एक्स-रेत एकाच जागी पडू शकते. वर तुमचा दात वरचा समोरचा. तिथे दातांच्या मागे टाळूच्या हाडात एक नैसर्गिक भोक असतं, सगळ्यांनाच असतं, नसा-रक्तवाहिन्या जायचा रस्ता, त्याची सावलीही कधी नेमकी मुळावर येते आणि कुणाला तरी उगाच घाम फुटतो. ओपीजीचं तर विचारूच नका, त्यात समोरच्या दातांवर मानेच्या मणक्याची सावली येते, तो भाग धूसरच असतो. ओपीजीत डाग दिसला याचा अर्थ 'इथे नीट बघा' एवढाच, त्याच्यापुढे काही नाही.

छोट्या एक्स-रेत मात्र बरंच कळतं. पुढच्या वेळी डॉक्टर स्क्रीनवर दाखवतील तेव्हा तुम्हीही बघा. मुळाच्या मधून टोकापर्यंत एक बारीक काळसर पट्टी जाते, ती नसेची कॅनल. तिच्या दोन्ही कडांवर नजर ठेवून डागाकडे जायचं. आतला प्रकार असेल तर डागाजवळ आल्यावर त्या कडा बाहेर फुगतात, त्याच डागाच्या कडा होतात, आणि डाग संपला की परत बारीक होऊन पुढे जातात, म्हणजे डागाच्या आत कॅनलची वेगळी रेघ अशी राहतच नाही. कड गुळगुळीत, काळेपणा सगळीकडे साधारण सारखा, आकार गोल किंवा लांबट अंड्याचा. बाहेरचा प्रकार असेल तर कॅनलच्या दोन्ही रेघा डागातून आरपार शाबूत जाताना दिसतात, डागाची कड वेडीवाकडी आणि कुठे जास्त काळा कुठे कमी. हे निकष १९७० च्या दशकापासून शिकवले जातात आणि आजही उपयोगी आहेत, तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी बहुतेक हेच बघून सांगितलं असणार. अडचण एवढीच की पुस्तकातला दात पुस्तकासारखा वागतो. प्रत्यक्षात आतला खड्डा बाहेरपर्यंत फुटला की कड वेडीवाकडी होते, बाहेरचा खड्डा बरोबर समोरून आला की गोल गुळगुळीत दिसतो, आतल्याच एका प्रकारात खाल्लेल्या जागी हाडासारखं काहीतरी परत भरत जातं त्यामुळे डाग ढगाळ दिसतो, आणि खड्डा लहान असला तर सावलीत धड उमटतच नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळ्या अँगलचा एक्स-रे मागितला तो यासाठी. शंभर वर्षांहून जुनी युक्ती आहे, मशीनचं तोंड थोडं बाजूला सरकवून परत काढायचा आणि डाग कुठे सरकला ते बघायचं. चालत्या गाडीच्या खिडकीतून जवळचं झाड मागे पळतं आणि लांबचा डोंगर आपल्यासोबत येतो ना, तसंच इथे, ओठाकडची गोष्ट ट्यूबच्या जवळ म्हणून ती उलट्या दिशेला सरकते आणि टाळूकडची लांबची गोष्ट ट्यूबच्याच दिशेला येते. आणि डाग खरंच कॅनलच्या आतला असेल तर अँगल बदलला तरी तो कॅनलला सोडत नाही, तिथेच मधोमध राहतो. टाळूतल्या भोकाची सावली असेल तर ती मुळावरून सरकून बाजूला जाते, विषय संपला, घरी जा. म्हणजे बघा, स्कॅनच्या आधी जी डॉक्टर असा एक्स-रे मागते ज्याने कदाचित स्कॅनची गरजच उरणार नाही, ती बिल वाढवतेय असं मला तरी दिसत नाही, दिरांना हे सांगून बघा.

बरं, डाग कॅनलमध्येच राहिला किंवा नीट कळलं नाही, मग सीबीसीटी. यात त्रास काहीच नाही, मशीनपाशी उभं राहायचं किंवा बसायचं, हनुवटी टेकवायची, एक छोटा ठोकळा चावून धरायचा, मशीन डोक्याभोवती एक चक्कर मारतं, साधारण १० ते २० सेकंद लागतात. तेवढा वेळ आवंढासुद्धा गिळू नका, हललात की चित्र धूसर येतं आणि परत काढायची वेळ येते. नंतर डॉक्टरांच्या शेजारी बसून स्क्रीनवर बघायचा हट्ट जरूर धरा. मुळाची आडवी चकती दिसते, पांढरट गोल आणि मधे कॅनलचा काळा ठिपका. डॉक्टर माउस फिरवत एकेक चकती पुढे जातात आणि एका जागी तो ठिपका मोठा व्हायला लागतो. तो मधोमध पसरतोय की टाळूच्या बाजूला जास्त, बाहेरची भिंत किती पातळ राहिलीये, कुठे भोक पडलंय का, पडलं असेल तर हाडाच्या कुठल्या पातळीला, हे सगळं त्या चकत्यांत दिसतं. आणि बाहेरचा प्रकार निघाला तर चित्र वेगळंच असतं, कॅनलभोवती एक पातळ पांढरी रिंग शिल्लक आणि काळा खड्डा तिला वळसा घालून गेलेला, कुठून आत शिरला ते छिद्रही बऱ्याचदा सापडतं. एकदा ही रिंग बघितली की दोन प्रकारांत फरक काय ते कुणी वेगळं समजवावं लागत नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्टची, म्हणजे रूट कॅनलच्या स्पेशालिस्टची, आणि तोंड-जबड्याच्या रेडिओलॉजिस्टची अशा दोन संघटनांनी मिळून २०१५ मध्ये सुधारित निवेदन काढलं, त्यात रिसॉर्प्शन आतलं की बाहेरचं, नेमकं कुठे, आणि ट्रीटमेंट काय करायची हे ठरवायला छोट्या भागाचा सीबीसीटी हा पसंतीचा तपास म्हटलाय. त्याच निवेदनात सुरुवात साध्या छोट्या एक्स-रेनेच करा असंही आहे, उठसूट सगळ्यांचा स्कॅन काढा असं कुणीच म्हणत नाही. तुमच्या दुसऱ्या डॉक्टर नेमक्या याच क्रमाने चालल्यात.

पण स्कॅनकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नका. तो आकार दाखवतो, जीव दाखवत नाही. नस जिवंत आहे का ते गार लावून किंवा इलेक्ट्रिक टेस्टरने बघावं लागतं, आणि त्यातही गंमत अशी की डागाच्या अलीकडची, दाताच्या दिसणाऱ्या भागातली नस मेलेली आणि पलीकडची, मुळाच्या टोकाकडची जिवंत असं होऊ शकतं त्यामुळे टेस्ट कशीही येते. कुरतडणं आत्ता चालू आहे की कधीच थांबलंय हेही एका स्कॅनवरून कळत नाही. त्यासाठी जुने एक्स-रे लागतात. घरात शोधा ताई, कुठलंही फिलिंग केलं असेल, अक्कलदाढ काढली असेल, जिथे कुठे आधी एक्स-रे झाला तिथे फोन करून मागा. पाच-सात वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत तो डाग तेवढाच असेल तर चित्र पूर्ण वेगळं होतं आणि नसेलच तर ते वेगळं. ही फुकटची माहिती असते आणि कुणी मागतच नाही, मला याचा खरंच राग येतो.

आता ट्रीटमेंट कशी बदलते ते, कारण स्कॅन काढायचा की नाही याचं माझं माप एकच आहे, उत्तर काही आलं तरी आपण तेच करणार असू तर कशाला काढायचा? इथे तसं नाही. आतला प्रकार निघाला आणि भिंत शाबूत असली तर रूट कॅनल हाच इलाज, आणि चांगला इलाज. कुरतडणाऱ्या पेशींना रक्त नसेतूनच मिळतं, नस काढली की त्यांचं रसद-पाणी बंद, प्रक्रिया तिथेच थांबते. पहिल्या डॉक्टरांची घाई यासाठी आहे आणि ती चुकीची नाही. फक्त हे नेहमीचं रूट कॅनल नसतं. दात उघडल्यावर रक्त बरंच येतं, त्या पोकळीचे कोनाकोपरे कॅनल घासायच्या सरळ सुईच्या (फाइलच्या) टप्प्यात येत नाहीत, म्हणून औषधाचं पाणी अल्ट्रासॉनिकने खेळवून आतला मांसल भाग विरघळवतात, बऱ्याचदा मधे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून काही दिवस थांबतात आणि शेवटी गटापर्चा, म्हणजे कॅनलमध्ये भरायचा रबरासारखा पदार्थ, गरम करून मऊ केलेला भरतात म्हणजे तो खड्ड्यात नीट बसतो. भिंतीला भोक पडलेलं असेल तर नुसत्या गटापर्चाने भागत नाही, तिथे एमटीए किंवा तसलं दुसरं बायोसिरॅमिक सिमेंट लागतं, कधी हिरडी उघडून बाहेरूनही काम करावं लागतं. हे ड्रिल लावायच्या आधी माहीत असणं आणि अर्ध्या कामात अचानक न थांबणारं रक्त दिसल्यावर कळणं यात किती फरक आहे तुम्हीच बघा.

आणि बाहेरचा सर्व्हायकल प्रकार निघाला तर? तेव्हा नस बहुधा जिवंत आणि निर्दोष असते. ती काढून टाकली तरी बाहेरून चाललेलं कुरतडणं चालूच राहतं कारण त्याला रक्त मिळतं ते हिरडी-हाडाच्या बाजूने. तिथे खड्डा बाहेरून साफ करून भरायचा असतो, नसेपर्यंत पोचला असेल तरच जोडीला रूट कॅनल. म्हणजे निदान चुकलं तर चांगली नस गेली आणि रोग जागेवर! मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आहे ते एवढ्यासाठी.

नवरोबांचं म्हणणं, दुखत नाही तर कशाला. बहुतेकांना असंच वाटतं आणि इतर बऱ्याच बाबतीत ते चालूनही जातं, पण हा आजार जवळजवळ कायम न दुखताच वाढतो, दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेल्या एक्स-रेत सापडणं हीच त्याची नेहमीची पद्धत. दुखायला लागतं ते नस मरून इन्फेक्शन झाल्यावर किंवा भिंत फुटल्यावर, कधी तर दात सरळ मोडल्यावरच कळतं. न दुखणं ही इथे चांगली बातमी नाहीये, वाईटही नाहीये, ती बातमीच नाही.

म्हणून सहा महिने थांबण्याला माझा नकार. थांबायला काही लागत नाही असं तुम्ही गृहीत धरलंय. हे कुरतडणं किती वेगाने जाईल ते सांगता येत नाही, काहींचं वर्षानुवर्षं रेंगाळतं, काहींचं काही महिन्यांत भिंत फोडतं. आज रूट कॅनलवर भागणारी गोष्ट तेव्हा भागेलच असं नाही. मात्र याच आठवड्यात नाही झालं तर दात गेला अशीही इमर्जन्सी नाही, एक-दोन आठवडे घेऊन दुसरा एक्स-रे, टेस्ट, लागला तर स्कॅन आणि मग काम, एवढा वेळ आरामात आहे. अपवाद एवढाच की त्या काळात सूज आली, पू आला, दात हलायला लागला तर त्याच दिवशी जा. जुन्या एक्स-रेत डाग जसाच्या तसा सापडला तर मग 'बघू, थांबू' हा पर्याय डॉक्टरांसोबत बसून बोलता येईल, पण तो पुराव्यावर घेतलेला निर्णय, कंटाळून घेतलेला नाही.

रेडिएशन. भीती समजते पण आकडे बघू. आपण सगळेच जमिनीतून, हवेतून, आकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशन घेत असतो, जगाची सरासरी वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन डोस मोजायचं एकक), म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट, दिवसाला साडेसहाच्या आसपास. छोटा एक्स-रे सहसा १० मायक्रोसिव्हर्टच्या आतच, म्हणजे साधारण दिवसभराचं नैसर्गिक रेडिएशन. छोट्या भागाचा सीबीसीटी मशीन आणि सेटिंगप्रमाणे खूप बदलतो पण बऱ्याचदा २० ते १०० च्या दरम्यान, म्हणजे काही दिवस ते दोनेक आठवड्यांचं. शून्य नाही, पण घाबरण्यासारखंही नाही. खरा मुद्दा वेगळा आहे, एका दातासाठी पूर्ण जबड्याचा, डोक्याचा स्कॅन काढू नका, साधारण ४ किंवा ५ सेंटिमीटरचाच भाग मागा. त्यात दोन फायदे, डोस कमी आणि चित्र जास्त बारीक, छोट्या स्कॅनमध्ये ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा तपशील येतो, मोठ्या भागात सेटिंग सहसा जाड असतं आणि मग ती पातळ रिंग दिसायची ती दिसतच नाही, म्हणजे डोस घेतला आणि हाती काही नाही. प्रेग्नन्सी असेल किंवा शंका असेल तर आधीच सांगा, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे सगळं जास्त विचार करून करतात कारण त्यांच्यावर रेडिएशनचा परिणाम जास्त.

(मूड हलका करायला एक सांगते, १८९६ च्या जानेवारीत ओटो वाल्कहोफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा बिचारा २५ मिनिटं हलला नव्हता. आपल्याला वीस सेकंद जड जातात.)

असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. ज्या दाताचं रूट कॅनल आधीच झालंय, धातूचा पिन किंवा कॅप आहे, तिथे सीबीसीटीत धातूमुळे काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि ते खड्डा किंवा तडा असल्यासारखे दिसू शकतात, त्यामुळे असा स्कॅन वाचणारा अनुभवी हवा. आणि दात सरळ करताना मुळांची टोकं थोडी आखूड झालेली एक्स-रेत दिसली म्हणजे हा आजार झाला असं नाही, ते वेगळं प्रकरण, बहुतेकदा ट्रीटमेंट थांबली की ते थांबतं, त्याला रूट कॅनल लागत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण दात आत्ताच काढायचा विचार सोडा. काढायची वेळ येते ती भिंत इतकी गेलेली असते की भरून काही उपयोग नाही, आणि ते ठरतं पुन्हा स्कॅनवरच. काढलेला दात परत लावता येत नाही, बाकीचं काही करून बघितलं तरी काढायचा पर्याय नंतरही उघडा असतो.

तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्यांचा एक्स-रे मूळ फाइलमध्ये घेऊन जा, व्हॉट्सॲपवरचा नको, तो दाबून लहान केलेला असतो. तिथे सरळ विचारा की दुसऱ्या अँगलला डाग कॅनलसोबत राहिला का सरकला, नस जिवंत आहे का, आणि स्कॅन काढून तुम्ही नक्की काय ठरवणार आहात. या शेवटच्या प्रश्नाला ज्या डॉक्टरांकडे उत्तर आहे त्यांनी मागितलेला स्कॅन बिनधास्त काढा, आणि 'असाच रुटीन आहे' एवढंच उत्तर मिळालं तर थोडं थांबा. स्कॅन झाला की प्रिंट आणि रिपोर्टवर समाधान मानू नका, स्कॅनची पूर्ण मूळ फाइल, जिला डायकॉम म्हणतात, ती पेनड्राइव्हवर मागून घ्या, उद्या तिसरं मत घ्यायचं झालं तर परत रेडिएशन घ्यावं लागणार नाही. ट्रीटमेंट झाल्यावरही सहा महिन्यांनी, वर्षाने एक्स-रे काढून तुलना करायची असते, तेव्हा हीच फाइल कामाला येते, आणि ते एक्स-रे शक्यतो एक्स-रेची फिल्म किंवा सेन्सर धरून ठेवणारा होल्डर वापरून त्याच अँगलने काढा नाहीतर डाग वाढला की नुसता अँगल बदलला यावर परत सगळे भांडत बसतील.

आणि हो, अलायनर सध्या थांबवा. मार लागलेल्या दाताला हलवताना मुळाला इजा व्हायची शक्यता तशीही जास्त असते, त्यात हा डाग. निदान होऊन ट्रीटमेंट पार पडू दे, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा, त्यानंतर किती दिवसांनी सुरू करायचं ते तेच सांगतील. अलायनरचे ट्रे आधीच बनून आले असले तर तेही त्यांना सांगून ठेवा म्हणजे तो एक दात सोडून बाकीचे हलवता येतील का ते बघतील.